मान आणि मणका : दुखण्याइतकेच ताकदीकडे लक्ष द्या

प्रश्न (हुपरी) : मी चांदीच्या पैंजणांना डाख देण्याचे काम करतो. वय 44. महिन्याभरापासून मानेतून उजव्या अंगठ्यापर्यंत चमक मारते, मुंग्या येतात. एमआरआयमध्ये पाचव्या व सहाव्या मणक्यांमधील गादी सरकल्याचे निघाले. ऑपरेशन करावेच लागेल का? पट्टा किती दिवस वापरू?

उत्तर : आपल्या मुंग्यांची वाट आणि एमआरआयचा अहवाल एकमेकांशी जुळतात, आणि हे जुळणेच महत्त्वाचे असते, कारण चाळिशीनंतर मान कधीच न दुखलेल्या अनेकांच्या एमआरआयमध्येही गादी झिजलेली किंवा फुगलेली दिसते, म्हणून नुसता अहवाल वाचून ऑपरेशन ठरवू नये. शीर दबल्याने होणारे हे दुखणे बहुतेकांमध्ये सहा ते बारा आठवड्यांत पुष्कळ उतरते. शिरेभोवतीची सूज ओसरते आणि बाहेर आलेला गादीचा भागही बऱ्याचदा आपोआप आक्रसतो. तोवर औषधे आणि फिजिओथेरपी पुरेशी ठरते. मात्र कोपर वाकवण्याची किंवा मनगट उचलण्याची ताकद कमी होऊ लागली, तर वाट पाहू नका.

पट्टा तीव्र दुखण्याच्या पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांपुरता ठीक आहे; महिनोन्‌महिने बांधल्यास मानेचे स्नायू दुबळे होतात. काम मांडीपाशी न घेता छातीच्या उंचीवर येईल अशी बैठक करा आणि अर्ध्या तासाने उठून खांदे मागे घ्या. सलूनमध्ये मान मोडून घेत असाल, तर ते आजच बंद करा. अशा झटक्याने मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटून पक्षाघात होऊ शकतो.

प्रश्न (कागल तालुका) : वडील 67 वर्षांचे आहेत, शेती करतात. मान दुखत नाही, पण सहा महिन्यांपासून त्यांना सदऱ्याची बटणे लावता येत नाहीत आणि बांधावरून चालताना तोल जातो. वय झाले आणि साखर आहे, म्हणून असे होते, असे सगळे म्हणतात.

उत्तर : आजच्या पत्रांपैकी या पत्राची मला सर्वाधिक काळजी वाटते. मानेच्या मणक्यांची झीज होऊन आतील मज्जारज्जूवर दाब येतो, तेव्हा अनेकदा मान दुखतच नाही. आधी बोटांची सफाई जाते, मग पाय जड आणि अडखळते होतात, पुढे लघवी रोखून धरता येत नाही. साखरेमुळे होणारा बधिरपणा सहसा तळपायांपासून वर चढतो. बटणे लावता न येणे हे त्याचे सुरुवातीचे लक्षण नव्हे. घरी एक साधी पाहणी करा : वडिलांना दहा सेकंदांत जितक्या वेळा जमेल तितक्या वेळा मूठ पूर्ण मिटून पूर्ण उघडायला सांगा. निरोगी माणूस साधारण वीस वेळा उघडमीट करतो. आकडा बराच कमी आला, तर संशय बळावतो; पुरेसा आला, तरीही तपासणी टाळू नका.

याच आठवड्यात त्यांना मेंदूविकार किंवा मणक्याच्या तज्ज्ञाकडे न्या. तोवर मालिश, ट्रॅक्शन (वजन लावून मान ताणण्याचा उपचार) आणि डोक्यावरून वैरणीचा भारा वाहणे बंद ठेवा. दाब ठरला आणि लक्षणे वाढत असतील, तर ऑपरेशनचा सल्ला दिला जातो. त्याचा पहिला हेतू बिघाड थांबवणे हा असतो. गेलेली ताकद किती परत येईल, हे दाब किती काळ राहिला यावर बरेच अवलंबून असते. म्हणूनच ‘पुढच्या सुगीनंतर बघू’ असे म्हणू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

प्रश्न (गंगावेश, कोल्हापूर) : माझा 19 वर्षांचा मुलगा तालमीत डोक्यावर पडला. दोन्ही हात काही मिनिटे बधिर होते, मग पूर्ववत झाले. वस्ताद म्हणतात, आराम करून पुन्हा मातीत उतरू दे.

उत्तर : एकच हात झिणझिणला असता, तर शीर ताणली गेली असे मानता आले असते. दोन्ही हात एकाच वेळी बधिर होणे म्हणजे धक्का मज्जारज्जूला बसला असावा. एमआरआय होऊन तज्ज्ञांनी परवानगी देईपर्यंत कुस्ती, जोर आणि मानेवर अंग तोलण्याचे व्यायाम पूर्ण बंद ठेवावेत; मणक्यांमधील नळी जन्मतःच अरुंद असेल, तर पुढचा धक्का कायमचे अपंगत्व आणू शकतो. कोल्हापुरातील प्रत्येक वस्तादांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : असा पैलवान पडल्यास त्याला ओढून बसवू नये, मान चोळू नये, डोके दोन्ही हातांनी आहे तसे स्थिर धरून 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

प्रश्न (इचलकरंजी) : कमरेची गादी सरकली आहे. तातडी केव्हा समजावी?

उत्तर : लघवी तुंबली, जांघेत व बैठकीच्या जागी बधिरपणा आला किंवा पाऊल उचलेनासे झाले, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठे रुग्णालय गाठा.

प्रश्न (पन्हाळा) : मानेचे दोन मणके जोडण्याचे ऑपरेशन होऊन दोन महिने झाले. पाण्याची घागर कधी उचलू? मशेरीची सवय आहे, ती चालेल का?

उत्तर : हाड जुळायला अनेक महिने, कधी वर्षही लागते. एक्स-रे पाहून आपले सर्जन सांगेपर्यंत घागर, गाडीच्या मागे बसून घाटातला प्रवास आणि झटक्याने मान वळवणे टाळा. सपाटीवर रोज थोडे वाढवत चालणे मात्र अवश्य ठेवा. मशेरी सोडावीच लागेल. तंबाखूतील निकोटीन रक्तवाहिन्या आकुंचित करते आणि हाड जुळण्यात अडथळा आणते, मग ती ओढलेली असो वा दातांना लावलेली. एकटीने जमत नसेल, तर पुढच्या तपासणीला डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा आणि घरातील इतरांनाही तुमच्यासमोर मशेरी न लावण्याची विनंती करा.