वाचक विचारतात : भरतीचं मैदान, सेवानिधी आणि तोफेची नळी

प्रश्न : मुलगा अग्निवीरची तयारी करतोय. गावात डांबरी रस्त्यावर मोबाइल लावून सोळाशे मीटर 5:20 ला काढतो, पण भरती रॅलीत 5:40 लागले. कुठे चुकतंय? (एक पालक, खटाव)

उत्तर : आधी अंतर तपासा. इतक्या छोट्या पल्ल्यात मोबाइलचा जीपीएस पन्नासेक मीटर सहज खातो, म्हणजे दहा सेकंद तिथेच गेले. सराव टेपने मोजलेल्या 400 मीटरच्या ट्रॅकवर, चार फेऱ्यांचा करा. दुसरी गळती वळणांवर होते. घोळक्यात आतल्या कडेपासून दीड मीटर बाहेरून पळालं की फेरीमागे साडेनऊ मीटर वाढतात. चार फेऱ्यांत झाले सात-आठ सेकंद! ओव्हरटेक करायचं ते सरळ पट्ट्यातच. आणि पहिली फेरी जोशात 70 सेकंदांत मारणारी पोरं तिसऱ्या फेरीत हमखास बसतात. 80, 82, 82, 76 असं जमवलं की 5:20 होतात.

साडेपाच मिनिटांच्या आत 60 गुण, 5:31 ते 5:45 ला 48. म्हणजे मुलाचे 12 गेले. पण बीमचं, म्हणजे पुल-अप्सचं काय? दहा पुल-अप्सना 40, नऊला 33, आठला 27, सातला 21 आणि सहाला फक्त 16. सहावरून दहावर गेलं तर 24 गुण हाती येतात, आणि ही पोरं महिनोन्‌महिने धावण्यावरच घाम गाळतात! बीमचा सराव धावून दमल्यावरच करावा, कारण रॅलीतही क्रम तोच असतो. चार-चारचे पाच सेट घ्यावेत, उतरताना तीन सेकंद लावावेत. हात पूर्ण सरळ झाले नाहीत किंवा हनुवटी बारच्या वर गेली नाही, तर तो पुल-अप धरत नाहीत. नऊ फुटी खड्डा उडी मारून ओलांडणं आणि झिगझॅग बॅलन्स (नागमोडी अरुंद पट्टीवरून तोल सांभाळत जाणं) यांना गुण नाहीत, पण पास व्हावंच लागतं.

प्रश्न : अग्निवीराला चार वर्षांनी सेवानिधीचे 11.71 लाख मिळतात, ते कसे? (एक वाचक, कागल)

उत्तर : पगार पहिल्या वर्षी 30,000, मग 33,000, 36,500 आणि 40,000. त्यातले 30 टक्के दरमहा कापले जातात, म्हणून पहिल्या वर्षी हातात 21,000 येतात. चार वर्षांची कपात 5.02 लाख होते, तेवढेच सरकार घालतं आणि वर व्याज. आयकर नाही. मात्र जे 25 टक्क्यांपर्यंत जवान पुढे कायम होतात, त्यांना यातला स्वतःचा वाटा आणि त्यावरचं व्याज एवढंच मिळतं. सरकारचा वाटा नाही. घरात हिशेब मांडताना हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

प्रश्न : तोफेच्या वर्णनात '155 मिमी, 52 कॅलिबर' असतं, यातला 52 म्हणजे काय? (एक विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : नळीची लांबी तोंडाच्या व्यासाच्या किती पट, तो आकडा. 155 गुणिले 52, म्हणजे 8.06 मीटर. बोफोर्स 39 ची, म्हणून नळी सहा मीटरच्या आसपास. तिच्यावरून घडलेली धनुष 45 ची. नळी लांब असली की दारूचा वायू गोळ्याला जास्त वेळ ढकलतो आणि पल्ला वाढतो. तुमच्या पाषाणच्या एआरडीईने (डीआरडीओची शस्त्रास्त्र संशोधन संस्था) विकसित केलेली अटॅग्ज ही तोफ 52 ची आहे. मार्च 2025 मध्ये अशा 307 तोफांचा करार झाला, त्यात भारत फोर्ज आणि टाटा. पण लांब नळीबरोबर वजनही येतं, अठरा टनांच्या घरातलं, आणि डोंगरी रस्त्याच्या हेअरपिन वळणावर अशी तोफ ओढताना घाम फुटतो. चिनूक हेलिकॉप्टरखाली लटकवून नेता येणारी एम-777 ही हलकी तोफ म्हणूनच 39 वर थांबली आहे. वजन जेमतेम सव्वाचार टन.