कार्ड गावाकडच्या पेटीत, फोन नवऱ्याच्या खिशात

प्रश्न : आमच्या शेताशेजारी बीड जिल्ह्यातून आलेली ऊसतोड मजुरांची टोळी उतरली आहे. त्यांतील सात महिन्यांच्या एका गरोदर बाईने सरकारी दवाखान्यातल्या लाल गोळ्या बंद केल्या आहेत. शौचाला काळे होते म्हणून ती घाबरली, पण तिने कोणालाच विचारले नाही. इतक्या योजना असताना एवढी साधी माहिती तिला का मिळू नये? मी काय करू शकते?
— एक शिक्षिका, सांगली जिल्हा

उत्तर : लोहाच्या गोळ्यांनी शौचाचा रंग काळा होतो आणि त्यात घाबरण्यासारखे काही नाही, हे तिला आजच सांगा. गोळी चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नये. रात्री जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी होते.

गरोदरपणात किमान 4 तपासण्या आणि 180 लोहगोळ्या मिळाव्यात, अशी सरकारी व्यवस्था आहे. परंतु तिला नावानिशी ओळखणारी आशाताई गावाकडे असते आणि दिवाळीच्या सुमारास टोळी निघाली की तो धागा तुटतो. माता-बाल संरक्षण कार्ड पुष्कळदा घरच्या पेटीतच राहते. आठवड्याला येणारा ‘किलकारी’चा, म्हणजे गरोदर बायांसाठीच्या सरकारी ध्वनिसंदेशाचा, फोन नवऱ्याच्या खिशात वाजतो, तोही ती फडात मोळ्या बांधत असताना. दवाखान्यात जायचे म्हटले की खाडा पडतो, आणि मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल तर फिटायची असते. इतके करून ती पोहोचलीच, तर “गोळ्या घेता ना?” एवढेच विचारले जाते आणि ती मान डोलावते. मला सर्वांत जास्त खुपते ते हेच, कारण तिची शंका तिच्याजवळच राहते आणि आपण मात्र तिला अडाणी ठरवून मोकळे होतो.

तुमच्या गावच्या आशाताईंना तिच्याविषयी कळवा. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते, तिथे स्वतः बरोबर जा. कार्डाचा फोटो गावाकडून मागवून घ्या. संध्याकाळी तिच्या कोपीवर (झोपडीवर) जाऊन बोला आणि नवरा व सासू यांनाही बसवून घ्या, कारण दवाखान्यात कधी न्यायचे हे बहुधा तेच ठरवतात. रक्तस्राव, तीव्र डोकेदुखी, अंधारी येणे, चेहऱ्यावर सूज किंवा बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता निघायचे, हे त्यांना सांगा. गरोदर स्त्रीला सरकारी रुग्णालयात नेण्यासाठी 102 क्रमांकाची गाडी मोफत मिळते. हंगाम संपण्याआधीच तिचे दिवस भरणार असतील, तर बाळंतपण कुठे करायचे आणि तेव्हा थोरली मुले कोणाजवळ राहतील, हेही आताच विचारून ठेवा.