पावसाआधीची पालवी

प्रश्न : फाल्गुनाच्या अखेरीस जांबोटीहून कणकुंबीकडे जाताना कुसुंबाची झाडे लाल पालवीने भरलेली आणि पळस फुललेला दिसतो. पाऊस सरून तेव्हा चार-पाच महिने उलटलेले असतात. मग ही पालवी कशाच्या बळावर फुटते? शिवाय वसंतपंचमी माघातच होते. मग खरा वसंत कोणता मानावा?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : पंचांगाप्रमाणे चैत्र आणि वैशाख हे वसंताचे महिने; माघ शुद्ध पंचमी ही त्याची आगाऊ चाहूल.

पालवीची गोष्ट अधिक विलक्षण आहे. झाडाने शोषलेले बहुतेक पाणी पानांवाटे वाफ होऊन जाते. पानगळ झाली की हा खर्च थांबतो, खोल गेलेली मुळे मात्र खालच्या थरातील ओल ओढत राहतात आणि वरून वाळल्यासारखे दिसणारे खोड आतून पुन्हा पाण्याने भरते. आपल्या भागात वर्षातील सर्वांत लहान व सर्वांत मोठ्या दिवसात दोन तासांचेही अंतर नसते. तरीही वाढत्या दिवसाची एवढीशी खूण ओळखून अनेक झाडे पावसाची वाट न पाहता पालवतात, म्हणजे जूनमध्ये पाऊस सुरू होतो तेव्हा पाने पूर्ण वाढलेली असतात.

कुसुंबाचे कोवळे पान हाती घेऊन पाहा : ते मऊ, लोंबते आणि लालबुंद असते. हिरवे द्रव्य पुरेसे तयार होईपर्यंत हा लाल रंग कोवळ्या पेशींना कडक उन्हापासून जपतो, असे मानले जाते. पळसाचे फूल पोपटाच्या चोचीसारखे बाकदार, त्याचा देठाकडील पेला काळसर मखमली. पाने झडल्यामुळे ते दुरून दिसते. मैना आणि शिंजीर मधासाठी येतात आणि परागकण पुढच्या झाडावर नेतात.

गुढीपाडव्याला आपण गुळाबरोबर खातो तो कडुनिंबही याच बहरातला, आणि शेजारच्या कन्नड घरांत उगादीला वाटला जाणारा बेवु-बेल्ल, म्हणजे कडुनिंब-गूळ, हाही तोच.

एक विनंती मात्र कळकळीने करावीशी वाटते. या दिवसांत बांधावरचा पाचोळा पेटवू नका. पळसाच्या शेंगा उन्हाळ्याच्या अखेरीस गळतात व त्यांतील बी पावसात रुजते. आग मोठ्या झाडाला एकवेळ सोसते, मागच्या वर्षीच्या वीतभर रोपाला सोसत नाही.