भर मैफलीत सतारीला क्लिपचा ट्यूनर लावणे कमीपणाचे आहे का?

मंचावर सतार मिळवताना खुंटीला क्लिपचा ट्यूनर (तारेचा स्वर चढा आहे की उतरा ते काट्याने दाखवणारे, चिमट्याने अडकवायचे छोटे यंत्र) लावला की जाणकार श्रोते नाक मुरडतात, तर तो लावावा की नाही आणि लावायचा तर कोणता घ्यावा, असे आपण विचारले आहे. नाक मुरडतात हे खरे आहे. तरीही मंचावर तो अवश्य लावावा आणि घरी रियाजाला बसताना लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे मी थोड्या चिडीने लिहीत आहे, कारण या विषयावरून मला चारचौघांत ऐकून घ्यावे लागले आहे. सांगलीत गणेशोत्सवातील एका कार्यक्रमात माझे सतारवादन होते. मांडव उघडा होता आणि पलीकडच्या चौकात ढोल-ताशा सुरू होता. यमन राग संपवून मला बागेश्री घ्यायचा होता. तरफांमधले (मुख्य तारांखाली आपोआप गुंजणाऱ्या बारीक तारांमधले) गांधार आणि निषाद कोमल करायचे, तीव्र मध्यम शुद्धावर आणायचा, आणि तेही श्रोते चहाला उठण्यापूर्वी, हे काम ज्याने केले आहे त्यालाच त्यातील घालमेल कळेल. तरफेच्या तारेचा आवाज मुळात नाजूक. त्या गलक्यात कान खुंटीला टेकवला तरी तो पुरता ऐकू येत नव्हता. क्लिपमधील चकती हवेतील आवाज न घेता लाकडातील कंपन घेते, त्यामुळे ढोलाचा तिला विशेष त्रास होत नाही. मी एका खुंटीला ट्यूनर अडकवला आणि शेजारच्या खुंट्या फिरवू लागलो (जी खुंटी फिरवायची तिलाच तो लावला तर क्लिप हलते आणि काटा भरकटतो, हे आपल्याला माहीत असेलच). तेवढ्यात पुढील गायनाच्या साथीसाठी येऊन बसलेले एक ज्येष्ठ पेटीवादक म्हणाले, "आता कान घरी ठेवून यायचे दिवस आले म्हणायचे." समोरचा माइक चालू होता. सगळा मांडव हसला.

मी त्या वेळी काही बोललो नाही, कारण ते वयाने मोठे होते. परंतु अर्ध्या तासाने काय घडले ते पाहा. गायनासाठी दोन तंबोरे मंचावर आले, याच गृहस्थांनी पेटीची काळी एक दाबून धरली आणि दोन्ही तंबोऱ्यांचे षड्ज त्या पट्टीला मिळवले गेले. पेटी हे यंत्र नव्हे काय? तिच्या आतील धातूच्या पत्त्या (रीड) कारागिराने एकदा घासून ठेवल्या की वादकाच्या कानाला त्यात करण्यासारखे काही उरत नाही. ज्यांना पेटी चालते आणि विजेवरचा तंबोराही चालतो, त्यांनी बोटभर ट्यूनरला हसावे हे मला न पटणारे आहे.

कान आणि यंत्र यांचा हा वाद आपल्या भागाला नवा नाही. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात कृष्णाजी बल्लाळ देवल आणि क्लेमेंट्स या इंग्रज अधिकाऱ्याने श्रुती (सप्तकातील सूक्ष्म स्वरांतरे) मोजून त्यानुसार खास हार्मोनियम बनवून घेतली, आणि त्या खटाटोपात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याची साक्ष काढली गेली. म्हणजे मोजमाप करणाऱ्यांनी शेवटी कानालाच विचारले, परंतु मोजमापाला कमी लेखले नाही. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत आजही जवारी (घोडी घासून तारेच्या आवाजाला आणलेली गुंजन) कानानेच काढली जाते, आणि तेथील सतार व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ते या कारागिरीमुळेच. माझी सतारही तेथलीच आहे. तिला ट्यूनर लावल्याने त्या कारागिराचा अपमान होतो, असे मला कधी वाटले नाही.

आता एक सावधगिरी, जी खरे तर आधी सांगायला हवी होती. ट्यूनर सप्तकाचे बारा समान भाग करतो, म्हणजे प्रत्येक अर्धस्वर १०० सेंटचा. आपला तंबोऱ्याशी जुळणारा पंचम षड्जापासून ७०२ सेंटवर असतो (ट्यूनरचा ७०० वर), तेथे दोन सेंटचा फरक कोणाला खटकणार नाही. परंतु शुद्ध गांधार ३८६ वर असतो आणि ट्यूनर ४०० दाखवतो. काटा मध्यावर आणून यमनाच्या तरफा मिळवल्या तर गांधार चौदा सेंट चढा लागेल, धैवत सोळा, निषाद बारा, आणि तरफा गुंजण्याऐवजी कुरकुरतील. म्हणून षड्ज, पंचम आणि बाजेचा (मुख्य तारेचा) मध्यम काट्यावर घ्यावा, बाकीचे स्वर काट्याने जवळपास आणून शेवटचा पीळ कानाने द्यावा. ज्याला हा शेवटचा पीळ देता येत नाही त्याने अजून मंचावर बसू नये; एवढ्यापुरते त्या पेटीवादकांचे म्हणणे मला मान्य आहे.

गायनाबरोबर बसणार असाल तर आधी पेटीचा स्वर तपासावा. जुन्या पेट्या ४४० वर (म्हणजे सेकंदाला ४४० कंपनांच्या प्रमाण स्वरावर) असतातच असे नाही. ४४२ ची पेटी आणि ४४० चा ट्यूनर यांत सुमारे आठ सेंटचे अंतर पडते. जुन्या पॉलिशवर क्लिपचे रबर फार वेळ ठेवू नये, डाग पडतो. आलाप सुरू करण्यापूर्वी ट्यूनर काढून ठेवावा, त्याचा दिवा पुढच्या रांगेच्या डोळ्यांत जातो.

कोणता घ्यावा, यावर मी फार डोके चालवलेले नाही. ४४० चा आकडा मागेपुढे करता येईल असा कोणताही चालेल. आणि कोणी मंचावर टोमणा मारलाच, तर त्यांना पेटीवर काळी एकचा षड्ज धरून त्याचा गांधार दाबायला सांगावे आणि ट्यूनर पेटीच्या लाकडाला लावावा. पेटी नेहमीच्या पद्धतीने लावलेली असेल तर काटा बरोबर मध्यावर उभा राहील, म्हणजेच तंबोऱ्यातून आपोआप उमटणाऱ्या गांधारापेक्षा चौदा सेंट वर.