पहिली आरोग्य पॉलिसी हातात आली, आता काय वाचू?

अरे भाऊ, चाळीस पानं पाहून घाबरू नको. रायडर, बोनस वगैरे सध्या बाजूला ठेव. एवढंच शोध:

- प्रतीक्षा कालावधी: आधीपासूनच्या आजारांसाठी थांबायचा काळ, जास्तीत जास्त 36 महिने.
- को-पे: 20 टक्के लिहिलं असेल, तर 1 लाखाच्या मंजूर बिलातले 20 हजार तू स्वतः भरायचे.
- खोलीभाड्याची मर्यादा: इथं भलेभले फसतात. मीही फसलो. नागपूरच्या धंतोलीत दवाखान्यात वडिलांसाठी रोजच्या 6 हजारांची खोली घेतली, मर्यादा होती 3 हजारांची. म्हटलं, वरचे 3 हजार भरू खिशातून, त्यात काय! पण डॉक्टरांची फी अन् ऑपरेशनचा खर्चही त्याच प्रमाणात, म्हणजे निम्मा कापला. औषधांचं बिल तेवढं वाचलं.

नव्या माणसाची हमखास चूक म्हणजे पॉलिसी घेताना कोऱ्या फॉर्मवर सही करून तो एजंटकडे सोपवणं. फॉर्म स्वतः भर. शुगर असेल तर शुगर लिही बाप्पा, हप्ता वाढला तरी चालेल. लपवलेलं नेमकं क्लेमच्या वेळी निघतं.

काही पटलं नाही, तर पॉलिसी मिळाल्यापासून 30 दिवसांत परत करता येते. त्याला फ्री लूक म्हणतात. तुझी कधी आली, ती तारीख आधी बघ.