हेल्मेटात घोंघावणारा वारा आणि तुमचे कान: वाचकांची प्रश्नोत्तरे

मोटारसायकलवर लांबचं अपडाऊन करणाऱ्यांकडून कानांच्या त्रासाबद्दल बरेच प्रश्न आले. एकसारखे प्रश्न एकत्र करून ही उत्तरं दिली आहेत.

मी रोज छत्रपती संभाजीनगरहून जालन्याकडे शाळेत मोटारसायकलने जातो-येतो. संध्याकाळी घरी आल्यावर कानाला दडे बसल्यासारखं होतं, बारीक कुंई आवाज येत राहतो, टीव्ही मोठा लावावा लागतो. सकाळी उठलं की सगळं ठीक. गाडी नवी आहे, सायलेन्सर कंपनीचाच आहे. मग हे कशानं होतंय? (शिक्षक, छत्रपती संभाजीनगर)

सर, दोष गाडीचा नाही, वाऱ्याचा आहे. ताशी ६०-६५ किलोमीटरच्या पुढे गेलं की स्वाराच्या कानापर्यंत पोहोचणाऱ्या आवाजात इंजिनापेक्षा वाऱ्याचा वाटा मोठा होतो. हेल्मेटच्या खालच्या कडेवर, म्हणजे हनुवटीखाली आणि मानेजवळ, हवा फाटते आणि तिचे भोवरे होतात. त्या भोवऱ्यांचा दाब हेल्मेटला थरथरवतो आणि आतली हवा घुमायला लागते. हा आवाज जाड, खालच्या पट्टीतला असतो. कर्कश हॉर्नसारखा तो टोचत नाही, म्हणून माणूस तो तासन्‌तास सहन करतो, आणि नेमका तिथंच घात होतो.

ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकात स्वारांच्या कानाजवळ, हेल्मेटच्या आत मोजमापं घेतली गेली. ताशी ६४ किलोमीटरला सुमारे ९० डेसिबल आणि १६० ला सुमारे ११० डेसिबल आवाज आढळला. त्या हिशोबाने ७० ला साधारण ९२, ८० ला ९५, ९० ला ९७ आणि १०० ला ९९-१०० डेसिबल होतात. हेल्मेट, उंची, गाडीची काच यांनुसार दोन-चार डेसिबल इकडेतिकडे होतील.

आता हे कान किती वेळ सोसू शकतो ते बघा. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेची मर्यादा जगभर वापरतात: ८५ डेसिबल दिवसाला ८ तास, आणि त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला १ तास, ९७ ला अर्धा तास, १०० ला फक्त १५ मिनिटं. जालना साधारण ६० किलोमीटर. ८० च्या वेगाने गेलात तर जाऊन-येऊन दीड तास ९५ डेसिबलमध्ये जातो. मर्यादा जेमतेम ४८ मिनिटांची. समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी असल्याने रस्ता बदलून काही साधेल असंही नाही.

सकाळी कान मोकळे होतात ते थकवा उतरल्यामुळे. पण आतल्या कानातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. आवाजाने होणारं नुकसान आधी ३००० ते ६००० हर्ट्झच्या, म्हणजे वरच्या, बारीक आवाजाच्या पट्ट्यात दिसतं, बहुधा ४००० च्या आसपास. म्हणून सुरुवातीला आवाज ऐकू येतो, पण शब्द कळत नाहीत. स, श, फ, थ ही व्यंजनं विरघळतात. मागच्या बाकावरचं पोरगं काय म्हणालं हे परत विचारावं लागू लागलं, तर ते पोराच्या पुटपुटण्यावर ढकलू नका.

उपाय दोनच खरे: कानात नीट बसवलेला इअरप्लग आणि कमी वेग. वेगाचा फायदा लोकांना वाटतो त्याहून मोठा आहे. ८० वरून ६५ वर आलात तर आवाज साडेचार डेसिबल उतरतो, म्हणजे कानाला मिळणारी मुभा जवळजवळ तिप्पट होते. ६० किलोमीटरच्या रस्त्यावर त्यासाठी दहा मिनिटं जास्त द्यावी लागतात.

कापसाचे बोळे घालतो, तेवढं पुरत नाही का? पिवळे फोमचे प्लग आणले होते, पण ते हेल्मेट घालताना बाहेर येतात. (कृषी सेवा केंद्रचालक, परभणी)

बोळे पुरत नाहीत. सैल कापसातून हवा आणि खालच्या पट्टीचा आवाज सहज जातो, आणि वाऱ्याचा आवाज नेमका तोच. थोडा दिलासा वाटतो, पण तो वरच्या पट्टीतला आवाज कमी झाल्याचा. शिवाय कापसाचे तंतू आत राहतात. बोळ्याला तेल लावून घालण्याची सवय असेल तर ती पण सोडा.

फोमचे प्लग चांगलेच आहेत, फक्त ते बसवायची पद्धत शिकावी लागते. बाहेर येतात याचा अर्थ ते आत गेलेच नव्हते, कानाच्या तोंडाशी टेकलेले होते. असं करा:

हात धुऊन कोरडे करा. प्लग ओला करू नका. तीन बोटांत धरून हळूहळू वळा, वातीसारखा बारीक आणि सरळ होईपर्यंत. सुरकुती पडली तर सोडून पुन्हा वळा, कारण सुरकुतीतून आवाज गळतो. उजव्या कानासाठी डावा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढा. कानाची नळी वाकडी असते, या ओढण्याने ती सरळ होते. बहुतेकांची चूक इथंच होते, पाळी न ओढता नुसतं दाबतात. वळलेला प्लग लगेच आत सरकवा आणि टोकावर बोट ठेवून ३० ते ४० सेकंद थांबा. फोम फुगून नळी भरेपर्यंत बोट काढू नका. थंडीत फोम हळू फुगतो, तेव्हा मिनिटभर धरा.

बसला का, ते तपासायला दोन्ही तळहात कानांवर घट्ट झाकून काढा. झाकल्यावर आवाज फारसा कमी झाला नाही तर प्लग नीट आहे. खूप कमी झाला तर गळती आहे. तुमचा स्वतःचा आवाज जाड, घुमल्यासारखा वाटला पाहिजे. आरशात पाहिल्यावर प्लगचं टोक कानाच्या पुढच्या छोट्या उंचवट्याच्या बाहेर डोकावता कामा नये, नाहीतर हेल्मेटची गादी त्याला ओढणारच. हेल्मेट घालताना पट्ट्या दोन्ही बाजूंना ताणून हेल्मेट रुंद करा आणि सरळ खाली घ्या. चष्मा सगळ्यात शेवटी. दोरीचे प्लग असतील तर दोरी कापून टाका, ती हनुवटीच्या पट्ट्यात अडकते.

काढताना हळूहळू पिळत काढा. झटक्याने ओढलं तर आत पोकळी होऊन पडद्याला ताण बसतो.

पाकिटावर २९ किंवा ३३ असा एनआरआरचा, म्हणजे प्लग किती डेसिबल आवाज अडवतो याचा आकडा असतो, तो प्रयोगशाळेतला. प्रत्यक्षात किती धरायचा, याचा सावध हिशोब असा: आकड्यातून ७ वजा करा आणि निम्मे करा. २९ चा प्लग म्हणजे ११ डेसिबल खात्रीचे. ९५ चे ८४ झाले की तुमचा रोजचा प्रवास मर्यादेत आला. पण अर्ध्या रस्त्यात काढून ठेवलात तर बराचसा फायदा जातो. वेळेच्या दहा टक्के भाग जरी उघड्या कानाने गेला तरी कितीही भारी प्लगचा सरासरी फायदा १० डेसिबलच्या वर जाऊ शकत नाही.

फोमचे प्लग मेडिकलमध्ये किंवा वाळूज, चिकलठाण्यासारख्या औद्योगिक वसाहतींजवळच्या सेफ्टीच्या दुकानात स्वस्तात मिळतात. मळकट झाला किंवा वळल्यावर परत फुगेना झाला की फेकून द्या. घामेजलेला प्लग खिशात ठेवून परत घालणं म्हणजे कानात बुरशीला आवतण, विशेषतः पावसाळ्यात. धुवून वापरायचे असतील तर सिलिकॉनचे, तीन चकत्यांचे प्लग घ्या. कान वाहत असेल, पडद्याला छिद्र असेल किंवा मळ घट्ट बसला असेल तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय कोणताही प्लग घालू नका. मळ काढायला काडी, पिन, किल्ली काहीच नको.

प्लग घातल्यावर मागून येणाऱ्या ट्रकचा हॉर्न ऐकू येईल का? आमच्या रस्त्यावर हंगामात उसाचे ट्रॅक्टरही असतात. (दूध संकलक, बीड जिल्हा)

हॉर्न ऐकू येतो. प्लग वारा आणि हॉर्न दोन्ही सारखेच खाली आणतो, त्यामुळे वाऱ्यातून हॉर्न जितका वर उठून ऐकू येत होता तितकाच येतो. फार मोठ्या आवाजात कान स्वतःच गोंधळतो, म्हणून मोकळ्या रस्त्यावर काहींना हॉर्न उलट स्वच्छ वाटतो.

पण हे वेग असतानाचं गणित आहे. गावात, बाजाराच्या गर्दीत, ताशी ३० च्या आत वारा नसतो आणि प्लग बारीकसारीक आवाज दाबतो. तिथं प्लग काढा. ज्यांना आधीच कमी ऐकू येतं त्यांनी जाड फोमऐवजी फिल्टरचे मोटारसायकल-प्लग वापरावेत. आणि कान उघडे असोत की बंद, रात्री बिनदिव्याच्या उभ्या ट्रॉलीचा काहीही आवाज येत नाही. तिथं आरसे, हेडलाइट आणि वेग हेच कामाचं.

महाग हेल्मेट घेतलं तर प्लगची गरज राहते का? सध्याच्या हेल्मेटमध्ये शिट्टी वाजते. (विद्यार्थी, नांदेड)

गरज राहते. चांगल्या हेल्मेटनेही काही डेसिबलच उतरतात. आयएसआय चिन्ह आवश्यकच, पण ते डोकं वाचवण्याच्या चाचणीचं आहे, हेल्मेट किती शांत आहे हे त्यावरून कळत नाही. घेताना पूर्ण तोंड झाकणारं घ्या. अर्ध्या टोपीत हनुवटी उघडी राहते आणि वारा थेट कानाशी येतो. गालाच्या गाद्या घट्ट हव्यात: हेल्मेट हाताने हलवलं तर गालाची कातडी सोबत हलली पाहिजे. गाद्या दबून सैल झाल्या असतील आणि त्या कंपनीच्या बदली गाद्या मिळत असतील तर आधी त्या बदला.

शिट्टीचं कारण बहुतेकदा काचेच्या कडेत असतं. काच बंद करून कडेत कागदाची पट्टी अडकवा आणि ओढा. कुठे ती सहज निसटली तर तिथं रबर नीट बसत नाही. काही हेल्मेटमध्ये काचेच्या बिजागरीचे स्क्रू किंचित सैल करून काच मागे सरकवून घट्ट करता येते. अर्धवट उघडे व्हेंट (हवेची छिद्रं), कॅमेऱ्याचं माउंट, हेल्मेटवर चिकटवलेली पाती हेही शिट्टी वाजवतात. एकेक बंद करून त्याच रस्त्यावर त्याच वेगाने तपासा. मोबाइलवरच्या डेसिबल अ‍ॅपने मात्र मोजू नका, वारा माइकवर आपटतो आणि आकडा खोटा येतो.

हनुवटीखाली लावायचा पडदा मिळतो, त्याने खालून घुसणारा वारा अडतो. हिवाळ्यात तो लावा. एप्रिल-मेमध्ये, पारा चाळिशीपार गेल्यावर, तो काढून व्हेंट उघडे ठेवा. उन्हाळ्यात हेल्मेट शांत करण्यापेक्षा डोकं थंड ठेवणं महत्त्वाचं, आवाजाचं काम प्लगवर सोडा.

मी स्कूटीवर दस्ती किंवा स्कार्फ बांधून वर हेल्मेट घालते. त्याने कान वाचतात का? (बँक कर्मचारी, लातूर)

मॅडम, स्कार्फ धूळ आणि ऊन अडवतो, आवाज फारसा नाही. जाड घडी डोक्यावर घेऊन हेल्मेट घातलं तर ते नीट बसत नाही, अपघातात निघून येऊ शकतं. पातळ सुती एकेरी थर घ्या आणि टोकं जाकिटाच्या किंवा कॉलरच्या आत घट्ट खोचा. फडफडणारं टोक स्वतःच आवाज करतं. मान नीट झाकली तर हेल्मेटच्या खालची फट भरते, तेवढा उपयोग आहे. तुमची ये-जा शहरात, ताशी ४०-५० च्या आत, वीसेक मिनिटांची असेल तर प्लगसाठी घाई नको. अहमदपूर किंवा औशाकडे रोज हायवेने जात असाल तर घ्या. कानाची नळी लहान असेल तर छोट्या मापाचे मिळतात.

गाडीला उंच काच बसवली, तर आवाज उलट वाढला आणि डोकं हलायला लागलं. असं का? (मेकॅनिक, धाराशिव)

काचेच्या वरच्या कडेवरून सुटणारी हवा गढूळ, म्हणजे भोवऱ्यांनी भरलेली असते आणि ती आता थेट तुमच्या हेल्मेटवर येते. काच नव्हती तेव्हा निदान सरळ वारा लागत होता. मोकळ्या, सरळ रस्त्यावर, मागेपुढे वाहन नसताना सीटवरून थोडं वर उठा. आवाज घटला तर डोकं गढूळ पट्ट्यात आहे: काच खाली करा किंवा आखूड बसवा, म्हणजे स्वच्छ वारा छातीवर-खांद्यावर येईल. उलट, खाली वाकल्यावर शांत झालं तर काच आणखी उंच हवी किंवा तिचा कोन सरळ करायला हवा. एका वेळी दोन-तीन सेंटिमीटरच बदला. काचेच्या खाली, हेडलाइटच्या वर फट ठेवली की मागची पोकळी भरून भोवरे कमी होतात, गिऱ्हाइकांच्या गाड्यांवरही हे करून बघा. बालाघाटच्या माथ्यावर, मांजरसुंब्याच्या आसपास आडवा वारा असतो तेव्हा उंच काच हँडलही ओढते.

हेल्मेटमध्ये इअरफोन लावून गाणी ऐकली तर वारा जाणवत नाही. चालेल का? (विद्यार्थी, हिंगोली)

नाही. ९५ डेसिबलच्या वाऱ्यावर गाणं चढवायला ते त्याहून मोठं करावं लागतं, म्हणजे कानावर दोन भार. नॉइज कॅन्सलिंगचे इअरबड सहसा संरक्षण म्हणून तपासलेले नसतात. मोबाइल गाल आणि हेल्मेटच्या मध्ये खोचून बोलणं तर सरळ जिवाशी खेळ आहे. मोबाइलवरच्या नकाशाच्या सूचना ऐकायच्या असतील तर हेल्मेटचा ब्लूटूथ स्पीकर कानाच्या छिद्रासमोर बसवा आणि कानात प्लग घाला. वारा दबतो, त्यामुळे कमी आवाजातही सूचना कळते.

कुंई आवाज आता सकाळीही जात नाही. कुठे दाखवावं? (विक्री प्रतिनिधी, अंबाजोगाई)

दोन दिवस शांततेत राहूनही आवाज टिकत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जाऊन ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी करून घ्या. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात, संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात, लातूर आणि नांदेडच्या शासकीय महाविद्यालयांत हा विभाग आहे. तपासणीच्या आधी निदान १६ तास गाडी, डीजे, मोठा आवाज टाळा, नाहीतर तात्पुरता थकवाच कायमचं नुकसान म्हणून नोंदला जातो. डॉक्टरांना रोजचे किलोमीटर आणि वेग सांगा आणि अहवालाच्या आलेखात ४००० हर्ट्झला खड्डा आहे का ते विचारा. अहवाल जपून ठेवा आणि वर्षाने तीच तपासणी करून ताडून पाहा.

एका कानाने एकाएकी, काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत कमी ऐकू येऊ लागलं तर मात्र वाट पाहू नका आणि कानात तेलही घालू नका. त्यावर स्टिरॉइडचे उपचार असतात आणि ते पहिल्या काही दिवसांत सुरू झाले तर गुण येण्याची शक्यता जास्त असते. त्याच दिवशी तज्ज्ञाकडे जा, आणि गाडी दुसऱ्याला चालवू द्या.