हिस्टरी पुसल्यावर कुठे शोधायचं?

प्रश्न : नोकरी सोडताना एका कर्मचाऱ्याने कंपनीच्या विंडोज लॅपटॉपवरची क्रोमची सगळी हिस्टरी पुसली. ग्राहकांची यादी त्याने बाहेर पाठवल्याचा संशय आहे. त्याच लॅपटॉपवर रिकव्हरी सॉफ्टवेअर टाकून बघावं का?

उत्तर : अजिबात नको. पुसलेली माहिती काही काळ डिस्कच्या मोकळ्या झालेल्या जागेत शिल्लक असू शकते, आणि नवं सॉफ्टवेअर नेमकं त्याच जागेवर जाऊन बसू शकतं. त्यात एसएसडी (चिपवर साठवणारी डिस्क) असेल, तर ‘ट्रिम’ झालेली, म्हणजे विंडोजने ‘आता नको’ म्हणून कळवलेली जागा डिस्कमधला कंट्रोलर स्वतःच साफ करतो. तिथलं मग सहसा काहीच हाती लागत नाही. लॅपटॉप बंद असेल तर बंदच ठेवा. चालू असेल तर आधी जाणकाराकडून रॅमची (चालू कामाच्या तात्पुरत्या मेमरीची) प्रत घ्या, कारण नुसत्या रिस्टार्टनेही रॅममधलं आणि डीएनएस कॅशेमधलं (नुकत्याच शोधलेल्या साइटच्या पत्त्यांची तात्पुरती यादी) जातं. मग डिस्क राइट ब्लॉकरला (डिस्कवर काहीही लिहू न देणारं उपकरण) जोडून पूर्ण इमेज, म्हणजे डिस्कची हुबेहूब प्रत काढायची, तिचा एसएचए-२५६ हॅश (प्रत बदललेली नाही हे दाखवणारा, बोटाच्या ठशासारखा आकडा) नोंदवायचा आणि पुढचं सगळं काम प्रतीवर करायचं. डिस्क बिटलॉकरने (विंडोजचं कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) बंद असेल तर त्याची रिकव्हरी की आधीच शोधून ठेवा, नाहीतर इमेज असूनही उघडणार नाही.

क्रोमची ‘हिस्टरी’ ही एसक्यूलाइट, म्हणजे एका छोट्या डेटाबेसची फाइल आहे. पुसलेल्या ओळी तिच्या मोकळ्या पानांत सापडतात, असं सर्रास सांगितलं जातं. पण क्रोम पुसलेल्या नोंदींवर शून्यं लिहितं आणि सगळी हिस्टरी काढली की फाइल ‘व्हॅक्यूम’ करून नव्याने बांधतं. म्हणून त्या फाइलवरच दिवस घालवू नका. विंडोजच्या शॅडो कॉपीत (विंडोजने अधूनमधून आपोआप ठेवलेली जुनी प्रत) पुसण्याआधीची अख्खी फाइल मिळू शकते, आधी तिथे बघा. त्यानंतर पेजफाइल आणि हायबरनेशन फाइल (रॅममधला मजकूर विंडोज डिस्कवर ठेवतं त्या फाइली) आणि डिस्कची मोकळी जागा यांत वेबपत्ते शोधा.

मात्र हिस्टरीतून साइट उघडल्याचं कळतं, कोणती फाइल अपलोड झाली ते बहुतेकदा कळत नाही. त्यासाठी यादीची एक्सेल फाइल केव्हा उघडली हे जंपलिस्ट (अलीकडे उघडलेल्या फाइलींची यादी) आणि एलएनके (शॉर्टकट) फाइलींत तपासा. पेनड्राइव्ह जोडल्याच्या नोंदी रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत) असतात, त्याही बघा. यादी ब्राउझरमधूनच गेली असेल असं नाही. कर्मचाऱ्याचं खासगी जीमेल मात्र उघडू नका. तो माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली तुमच्यावरच उलटणारा गुन्हा ठरू शकतो.

प्रश्न : शॅडो कॉपीतल्या हिस्टरीत वेळेच्या जागी १३३५००००००००००००० असा आकडा दिसतो. तो कसा वाचायचा?

उत्तर : १ जानेवारी १६०१ पासूनचे हे मायक्रोसेकंद आहेत. दहा लाखांनी भागून ११६४४४७३६०० वजा करा, म्हणजे १९७० पासूनचे सेकंद मिळतील. इथे उत्तर येतं १७ जानेवारी २०२४, रात्री ९.२० यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ). भारतीय वेळेत ते १८ जानेवारीच्या पहाटेचे २.५० होतात. साडेपाच तास मिळवायचे राहिले तर तारीखच चुकते, आणि उलटतपासणीत पहिला घाव तिथेच बसतो. फायरफॉक्सची मोजणी १९७० पासूनच असल्याने तिथे वजाबाकी करू नका.

न्यायालयात द्यायचं असेल, तर १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. त्याचा भाग ‘अ’ पुरावा देणाऱ्याने आणि भाग ‘ब’ तज्ज्ञाने भरायचा असतो. दोन्हींत हॅश लिहावा लागतो, म्हणून इमेज काढली त्याच वेळचा हॅश जपून ठेवा.